कर्नेलचे दप्तर

१९९१ च्या सप्टेंबरात हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स नामक विद्यार्थ्याने आपल्या लिनक्स कर्नेलची ०.०१ ही पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली, तेव्हा त्या कर्नेलला बाह्य जगाची फारशी वार्ता नव्हती, आणि ती असण्याचे कारणही नव्हते. ज्या एका ३८६ संगणकासाठी ते लिहिले गेले तो लेखकाच्या मेजावरच होता व त्याचा सारा तपशील लेखकाला मुखोद्गत होता. त्या आवृत्तीतील कॉन्फिगरेशनची फाइल आजही वाचावयास मिळते. तीत दोनच हार्ड डिस्कचा उल्लेख आहे: एक खुद्द लिनसची आणि दुसरी त्याच्या एका परिचिताची. ज्याला आपल्या डिस्कवरून यंत्र सुरू करावयाचे असेल त्याने एका नावाची ओळ निष्प्रभ करावी, दुसरी मोकळी करावी आणि संपूर्ण कर्नेल नव्याने कंपाइल करावे, एवढाच त्या काळचा विधी. पुढच्या आवृत्त्यांत त्याच फाइलीत कीबोर्ड निवडण्याची सोय झाली, परंतु तेथेही फिनिश कीबोर्ड हाच गृहीत धरलेला होता. घरच्या माणसांपुरता मांडलेला संसार होता तो. पाहुण्यांचा विचार मागाहून झाला.

कर्नेलच्या कॉन्फिगरेशनचा पुढील तीस वर्षांचा इतिहास म्हणजे, माझ्या मते, यंत्राविषयीचे ज्ञान ठेवावे कोठे आणि ते सांभाळण्याचा अधिकार कोणाचा, या एकाच वादाचा इतिहास होय. प्रथम ते ज्ञान लेखकाच्या डोक्यात होते. मग ते एका प्रश्नावलीत आले. ही मूळ प्रश्नावली लिहिणारे रेमंड चेन पुढे मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत ख्यातनाम झाले, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. अमुक डिस्क हवी काय, अमुक नेटवर्क कार्ड हवे काय, असे प्रश्न एकामागून एक पडद्यावर येत आणि वापरणाऱ्याने 'होय' किंवा 'नाही' म्हणावे. गरज पडेल तेव्हाच स्मृतीत घेता येणारे मॉड्यूल आले, तेव्हा या दोहोंच्या जोडीला तिसरे उत्तर मिळाले. शेकडो प्रश्नांची उत्तरे देता देता शेवटच्या प्रश्नाला चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ, ही त्या काळची शिक्षा. म्हणून पुढे मेन्यूची सोय झाली, आणि चौकटीत तारा उमटवणे, 'एम' उमटवणे किंवा ती रिकामी ठेवणे या तीन खुणांत सारा कारभार आला. एरिक रेमंड यांनी पायथॉन भाषेत रचलेली नवी कॉन्फिगरेशन-भाषा दीर्घ वादानंतर नामंजूर झाली, आणि २००२ च्या ऑक्टोबरात रोमन झिप्पेल यांची केकॉन्फिग ही साधी, मितभाषी रचना २.५.४५ या आवृत्तीत आली. तीच आज चालते. या रचनेची एक लकब मला विशेष आवडते. निवडीची जी अंतिम फर्द तयार होते तीत नाकारलेली गोष्टही गाळली जात नाही. 'हे निवडलेले नाही' अशी स्वतंत्र ओळ तिच्या नावाने लिहून ठेवली जाते. जुन्या दप्तरातील कारकुनांनाही ही शिस्त पसंत पडली असती.

येथवर गोष्ट मेजावरच्या संगणकाची झाली. त्या संगणकाचा एक मोठा गुण असा की, तो विचारले असता उत्तर देतो. त्याच्या पीसीआय वाहिनीवर बसविलेले प्रत्येक कार्ड पृच्छा होताच आपल्या निर्मात्याचा व स्वतःचा क्रमांक सांगते. स्मृती किती आहे हे बायोस सांगते. त्यामुळे एकच कर्नेल हजार निरनिराळ्या संगणकांवर चालू शकते. एम्बेडेड प्रोसेसरची स्थिती याच्या नेमकी उलट. त्याच्या एकाच चकतीत प्रोसेसर, सिरियल पोर्ट, टायमर आणि डझनावारी अन्य उपकरणे कोरलेली असतात. ती विशिष्ट पत्त्यांवर मुकाट्याने बसलेली असतात, आणि कोणी हाक मारली तरी ओ देत नाहीत. चुकीच्या पत्त्यावर हाक गेली तर यंत्र तेथेच गोठते. म्हणजे येथे कर्नेलला यंत्राचे ज्ञान आधीच असावे लागते. ते विचारून मिळत नाही.

या मुक्या यंत्रांत आर्म घराण्याचे प्रोसेसर सर्वांत बहुप्रसव निघाले. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला पहिला आर्म १९८५ च्या २६ एप्रिलला चालू झाला, आणि १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल व व्हीएलएसआय यांनी मिळून स्वतंत्र कंपनी काढली, तिने स्वतः चिप न बनविता केवळ आराखड्याचा परवाना विकण्याचा मार्ग धरला. परवाना घेणाऱ्या प्रत्येकाने प्रोसेसर तोच ठेवला, पण त्याच्या भोवतीची उपकरणे आपापल्या बुद्धीने, आपापल्या पत्त्यांवर बसविली. रसेल किंग यांनी एकॉर्नच्या यंत्रांवर लिनक्स आणले होते, ते काम १९९८ च्या आरंभी मुख्य कर्नेलमध्ये सामील झाले. आणि भिन्नभिन्न बोर्डांची गर्दी वाढू लागली तशी त्यांनी एक नोंदवही राखली. ज्याने नवा बोर्ड बनविला त्याने अर्ज करावा, किंग यांनी त्याला क्रमांक द्यावा. शून्य क्रमांकावर स्ट्राँगआर्म या आर्म प्रोसेसरचा ईबीएसए-११० हा बोर्ड, एकावर एकॉर्नचा रिस्क पीसी, आणि तेथून पुढे ही वही हजारोंच्या आकड्यात गेली. रास्पबेरी पाय २०१२ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याचे कर्नेल ३१३८ हा क्रमांक घेऊन चालत असे. कोणत्याही सरकारी सनदेशिवाय एका गृहस्थाने चालविलेली ही वही माझ्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत आदरणीय वस्तू आहे.

क्रमांकाचा व्यवहार असा चाले. बोर्डाला वीज मिळताच प्रथम बूटलोडर जागा होई, कर्नेल स्मृतीत उतरवी, प्रोसेसरच्या आर-१ या रजिस्टरमध्ये बोर्डाचा क्रमांक ठेवी आणि कर्नेलच्या हाती सूत्रे देऊन स्वतः दूर होई. कर्नेल आपल्या पोटातील तक्त्यात तो क्रमांक शोधी. सापडला तर त्या बोर्डासाठी सी भाषेत लिहिलेल्या फाइलीप्रमाणे पुढील मांडणी होई. न सापडला तर सर्व व्यवहार तेथेच थांबे. बोर्ड प्रथमच उठविणाऱ्या अभियंत्याची अवस्था कल्पावी: सिरियल केबल जोडलेली, वेग ११५२०० ठेवलेला, पडद्यावर 'लिनक्स उलगडले, कर्नेल सुरू करीत आहे' या अर्थाची एक ओळ उमटलेली, आणि त्यापुढे काही नाही. कर्नेलजवळ वास्तविक तक्रार तयार असे. आलेला क्रमांक ओळखीचा नाही असे ते सांगे, मला इतके बोर्ड ठाऊक आहेत म्हणून यादीही देई, आणि कॉन्फिगरेशन व बूटलोडर तपासा असा उपदेश करी. पण हे सारे ऐकू येण्यासाठी प्राथमिक डीबगिंगची निवड कॉन्फिगरेशनमध्ये आधीच 'होय' म्हणून नोंदविलेली असावी लागे. ती नसेल तर कर्नेल न बोलताच मरे. या धंद्यातील किती रात्री त्या एका न उमटलेल्या ताऱ्यापायी गेल्या असतील!

याच काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर प्रभृती अध्यापकांनी एन्कोर कंपनीच्या साह्याने सिम्प्यूटर हा हातात मावणारा स्वस्त संगणक सिद्ध केला. त्याच्या आत २०६ मेगाहर्ट्‌झचा स्ट्राँगआर्म होता व त्यावर लिनक्स. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने त्याची अमिडा ही आवृत्ती बाजारात आणली. व्यापारात तो यशस्वी झाला नाही. परंतु आपल्या देशात रचलेल्या यंत्रासाठी आपल्याच लोकांनी कर्नेल बेतावे, हे त्याने घडवून दाखविले, आणि त्याचे मोल विक्रीच्या आकड्यांवरून ठरवू नये.

बोर्ड वाढले तसे कर्नेलच्या आर्म विभागात फाइलींचे ढीग साठले. प्रत्येक बोर्डाची स्वतंत्र फाइल, शिवाय प्रत्येकासाठी हजारो ओळींची तयार फर्द. एका कंपनीने लिहिलेला घड्याळांचा कारभार दुसरीने पुन्हा निराळ्या नावाने लिहिलेला. २०१० मध्ये या फर्दांची छाटणी झाली. ज्या निवडी मूळ गृहीत मूल्यांहून भिन्न आहेत तेवढ्याच ठेवाव्यात असा नियम केल्याबरोबर जवळजवळ दोन लाख ओळी अनावश्यक ठरल्या. तरी मूळ रोग राहिलाच. २०११ च्या मार्चमध्ये टोरवाल्ड्स यांचा संयम सुटला आणि आर्मच्या मंडळींची त्यांनी अत्यंत कडक शब्दांत हजेरी घेतली. त्या संतापाचे फळ चांगले निघाले हे मान्य करूनही मला तो पुरता न्याय्य वाटत नाही. ढिगाचा दोष ढीग वाहणाऱ्यांकडे कमी आणि चिप बनविणाऱ्यांकडे अधिक होता. आपले यंत्र दुसऱ्याच्या यंत्रासारखे असावे अशी ज्यांना कधी निकड वाटली नाही, त्यांचा पसारा रसेल किंग आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे निस्तरीत होते.

उपाय नवा नव्हता. सन कंपनीच्या संगणकांत मिच ब्रॅडली यांनी ओपन फर्मवेअर आणले होते, त्याला १९९४ मध्ये आयईईई १२७५ असे प्रमाणपद लाभले होते, आणि त्यात यंत्राचे वर्णन एका वृक्षाच्या रूपाने कर्नेलच्या हाती देण्याची रीत होती. पॉवरपीसीच्या लोकांनी, मुख्यतः बेंजामिन हेरेनश्मिट यांनी, २००५ च्या सुमारास तो वृक्ष सपाट करून एका छोट्या फाइलीत बसविला, म्हणजे मूळ फर्मवेअर नसलेल्या गरीब बोर्डांनाही तो वापरता आला. ग्रँट लाइकली यांच्या खटपटीने हीच डिव्हाइस ट्री आर्मकडे आली. आता आर-१ मधील क्रमांकाला महत्त्व उरले नाही. आर-२ मध्ये या फाइलीचा पत्ता असला म्हणजे झाले. बीगलबोन या बोर्डाची डिव्हाइस ट्री उघडून पाहावी: पहिल्या सिरियल पोर्टचा पत्ता, त्याच्या व्यत्ययाचा क्रमांक ७२, आणि त्याच्या ओळखीच्या दोन संज्ञा. पहिलीत तो स्वतःचे विशिष्ट नाव सांगतो. दुसरीत, ते नाव तुला ठाऊक नसेल तर ओमॅप-३ या माझ्या पूर्वजाचा ड्रायव्हर मला चालेल, असे जाहीर करतो. थोडक्या ओळींच्या अशा नोंदीने पूर्वीच्या कितीतरी पानांच्या फाइलींचे काम होते, आणि मुख्य म्हणजे यंत्राचे ज्ञान कर्नेलच्या पोटातून निघून यंत्राच्या सोबत राहावयास येते.

२०१२ च्या डिसेंबरातील ३.७ या आवृत्तीत अनेक कंपन्यांच्या आर्म बोर्डांसाठी एकच कर्नेल कंपाइल करणे शक्य झाले. त्याच आवृत्तीत ६४ बिटांचा आर्म दाखल झाला, आणि मागचे पाहून शहाणपण आलेल्या लोकांनी त्याला बोर्डनिहाय फाइली मुळी लिहूच दिल्या नाहीत. त्या विभागात आजही तयार फर्द एकच आहे. २०२३ च्या ६.३ या आवृत्तीत जुन्या, कोणी वापरीत नाही अशा बोर्ड-फाइलींचा मोठा हिस्सा काढून टाकण्यात आला. चुका मात्र संपल्या नाहीत, त्यांनी फक्त मुक्काम हलविला: पूर्वी सी भाषेत चुकीचा लिहिलेला पत्ता आता वृक्षात चुकीचा लिहिला जातो, आणि यंत्र पूर्वीसारखेच न बोलता थांबते.

हा सारा इतिहास परक्या मुलखातील असला तरी त्यातील बरीच मजुरी आपल्याकडे झाली आहे. पुण्यात सी-डॅकच्या एम्बेडेड पदविकेतून आणि तिच्या आजूबाजूला वाढलेल्या कंपन्यांतून अनेक मराठी मुले-मुली या धंद्यात शिरली, आणि परदेशी ग्राहकांच्या बोर्डांसाठी फर्दा, बोर्ड-फाइली व वृक्ष लिहिण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्यांच्या कामाची नोंद बहुधा ग्राहकांच्याच दप्तरी राहिली. ज्या पुण्यात पेशव्यांच्या कारकुनांचे रुमाल सोडवून वाचणारे संशोधक झाले, तेथे या कामाचा मराठीतील वृत्तान्त अजून कोणी लिहावयास घेतलेला माझ्या पाहण्यात नाही. क्रमांकांच्या काळात ज्यांनी बोर्ड उठविले अशा वाचकांना माझी विनंती आहे की, त्यांनी तो लिहावा; आणि कराराने हात बांधलेले असतील तर निदान बोर्डांची नावे गाळून, कोणती निवड का केली, एवढे तरी लिहून ठेवावे.