गाळाने घडवलेला जलाशय : अंबडचा नाला ते नांदूरमध्यमेश्वर

नाशिकच्या अंबड परिसरात पहिला जोरदार पाऊस पडला की नाले मातकट रंगाने फुगतात. बांधकामांची उकरलेली माती, रस्त्यांवरची धूळ, कारखान्यांच्या आवारांतील कचरा हे सारे नासर्डी आणि वालदेवीच्या पात्रांकडे धावते आणि अखेरीस गोदावरीत पोहोचते. नाशिकच्या खाली नदी पुन्हा एका मोठ्या जलाशयात संथ होते ती निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर येथे. शहराने वाहून लावलेल्या मातीचा मोठा वाटा तेथे खाली बसतो.

या जलाशयाचा जन्म दुष्काळाच्या छायेत झाला. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने सिंचन आयोग नेमला आणि दख्खनच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यासाठी कालव्यांच्या योजनांना वेग आला. गोदावरी कालवे ही त्यांपैकीच एक योजना. तिच्यासाठी गोदावरी-कादवा संगमालगत बंधारा उभा राहिला. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी : पाणी साठवणे हे या बंधाऱ्याचे काम नव्हतेच. साठा व्हायचा तो वर, १९१६ मध्ये पूर्ण झालेल्या दारणा धरणात. तेथून सोडलेले पाणी नदीतून वाहत यायचे, बंधाऱ्याशी त्याची पातळी उंचावायची आणि मग ते डाव्या-उजव्या कालव्यांत वळवले जायचे. कोपरगाव-राहाता भागातील उसाचे मळे याच पाण्यावर पोसले गेले.

परंतु अडवलेल्या नदीचा वेग मंदावतो आणि मंदावलेली नदी आपले ओझे खाली ठेवते. काळ्या मातीचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षे तळाशी साचत गेले. पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. अभियंत्यांच्या दृष्टीने हे नुकसान होते. बदकांच्या, करकोच्यांच्या आणि चिखलात चोच खुपसणाऱ्या पाणपक्ष्यांच्या दृष्टीने ही मेजवानी होती. डॉ. सालिम अली यांनी या स्थळाला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. इतिहासात असा योग क्वचित दिसतो : एका योजनेचा दोषच तिची कीर्ती ठरला.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांना मात्र या कीर्तीची किंमत मोजावी लागते. सायखेडा आणि चांदोरी ही गोदाकाठची गावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तेथील बाजारपेठा आणि घरे पाण्याखाली गेली. गाळाने जलाशय भरला म्हणून फुगवट्याचे पाणी गावात शिरते, तेव्हा गाळ काढा, ही तेथील रहिवाशांची जुनी मागणी आहे. पुराला केवळ गाळच जबाबदार असतो असे नाही. वरच्या धरणांचा विसर्ग आणि पावसाची तीव्रता यांचाही वाटा असतो. तरीही ज्याच्या ओसरीपर्यंत पाणी येते, त्याच्या शंकेला पक्षीगणनेचे आकडे हे उत्तर नव्हे.

चांदोरी म्हणजे पेशव्यांचे दिल्लीतील वकील असलेल्या हिंगणे घराण्याचे गाव. तेथील नदीपात्रातील जुनी मंदिरे बंधाऱ्याच्या फुगवट्यात गेली. पाणी फार ओसरले तरच त्यांचे दर्शन घडते आणि तेव्हा ती पाहायला गर्दी लोटते. वाळवंटातील अवशेषांपेक्षा आपल्या नदीतले अवशेष कमी अद्भुत नाहीत, एवढे तरी इतिहासप्रेमींनी मान्य करावे.

मग गाळ काढायचा का? प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे २९ वे कलम अभयारण्यातील अधिवासाला किंवा पाण्याच्या प्रवाहाला हात लावू देते ते केवळ परवान्याने, आणि तो परवाना वन्यजीवांच्या हितासाठी व अभयारण्याच्या व्यवस्थापनासाठी असावा लागतो. गावाचे पुरापासून रक्षण, हे कारण त्या चौकटीत सहजी बसत नाही. उलट सरसकट उपसा केला तर ज्या उथळ पाण्यासाठी पक्षी येतात तेच नाहीसे होईल.

या वादात बहुधा बंधाऱ्यापाशीच बोट दाखवले जाते. गाळाचा उगम मात्र वर आहे. गंगापूर धरण नाशिकच्या वरच्या बाजूला असल्याने डोंगराकडून येणारी बरीच माती तेथेच अडते. त्याखालची शेते, वाढते शहर आणि त्याचे नाले यांच्या मातीला असा थांबा नाही. पेशवेकाळात कात्रजच्या तलावातून पुण्याला पाणी नेताना गाळ वरच्याच तळ्यात बसावा, अशी दुहेरी तळ्यांची रचना केली गेली होती. म्हणजे गाळ पुढे जाण्याआधी त्याला थांबवण्याची युक्ती या मातीत अडीचशे वर्षांहून जुनी आहे. आजच्या नाल्यांत ती क्वचितच आढळते. पावसाळ्यापूर्वी गाळ उपसून काठावर रचला जातो, तो उचलायला गाडी उशिरा आली, की पहिल्याच सरीत तो पुन्हा नाल्यात उतरतो आणि निफाडची वाट धरतो.