आमदारांच्या मालमत्तेचा हिशोब : नमुना २६ मध्ये काय असतं आणि तो कसा वाचायचा?

विधानसभेची निवडणूक आली की 'अमुक साहेबांची प्रॉपर्टी किती पटीने वाढली' ही बातमी चार दिवस गाजते. व्हॉट्सअॅपवर आकडे फिरतात, चहाच्या टपरीवर चर्चा होते आणि मतदान झालं की सगळे विसरून जातात. पण हे आकडे येतात कुठून, त्यात काय सांगणं बंधनकारक आहे आणि काय बाहेर राहतं, हे फार थोड्या घरांत माहीत असतं. म्हणून ही माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

हा हक्क कसा मिळाला?

उमेदवाराची संपत्ती जाणून घेण्याचा हक्क मतदाराला न्यायालयातून मिळाला. १९९९ मध्ये असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स (एडीआर) या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी ही संस्था सुरू केली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ मे २००२ रोजी न्यायालयाने निकाल दिला की उमेदवाराचं शिक्षण, त्याच्यावरचे गुन्हे आणि त्याची मालमत्ता जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. त्यानंतर संसदेने कायद्यात कलम ३३-ब घालून हा हक्क मर्यादित करून टाकला. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमही रद्द केलं.

तेव्हापासून विधानसभा असो की विधान परिषद, प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत 'नमुना २६' मधलं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

त्यात काय लिहावं लागतं?

- उमेदवार, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेल्या व्यक्तींचे पॅन क्रमांक, तसंच मागच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांत दाखवलेलं उत्पन्न.
- जंगम मालमत्ता : हातातली रोकड, बँकेतल्या ठेवी, शेअर्स, विमा, गाड्या, सोनं-दागिने, दुसऱ्याला दिलेलं कर्ज.
- स्थावर मालमत्ता : शेतजमीन, प्लॉट, दुकान, घर. गट किंवा सर्व्हे नंबर, खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत, आजचा अंदाजे बाजारभाव आणि ती विकत घेतली की वारशाने मिळाली हेही सांगावं लागतं.
- देणी : बँकेचं आणि खाजगी कर्ज, सरकारी थकबाकी. मागच्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर त्याचं भाडं, वीज, पाणी आणि फोन यांची बाकी.
- परदेशातली मालमत्ता. ही अट २०१९ मध्ये जोडली गेली.
- उत्पन्नाचं साधन आणि सरकारी कंत्राटं. १६ फेब्रुवारी २०१८ च्या 'लोकप्रहरी' निकालात न्यायालयाने याचा आग्रह धरला. संपत्ती किती हे कळलं, पण ती आली कुठून हेच कळलं नाही, तर मतदाराच्या हाती अर्धीच माहिती येते.

या नमुन्यात 'हिंदू अविभक्त कुटुंब' असाही एक रकाना आहे. आपल्याकडचे उमेदवार तिथे काय भरतात, असं पुष्कळ जण विचारतात. ज्यांना तो लागू नाही, त्यांनी तिथे 'लागू नाही' असं लिहायचं असतं. रकाना कोरा सोडता येत नाही. २०१३ च्या 'रिसर्जन्स इंडिया' निकालानुसार आठवण करून दिल्यावरही रकाने कोरे ठेवले, तर निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज फेटाळू शकतो. वडिलोपार्जित जमिनीत उमेदवाराचा जो हिस्सा निघतो, तो मात्र स्थावर मालमत्तेत दाखवावा लागतो.

काय बाहेर राहतं?

पहिली गोष्ट म्हणजे 'अवलंबून' या शब्दाची व्याख्या. ज्याला स्वतःचं उत्पन्न नाही आणि ज्याचा गुजारा उमेदवारावर आहे, तोच यात येतो. कमावता मुलगा, भाऊ किंवा मेव्हणा यांच्या नावावरची जमीन या कागदावर दिसत नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक बारीकसारीक वस्तू लिहिलीच पाहिजे असंही नाही. अरुणाचल प्रदेशातले आमदार कारिखो क्री यांनी पत्नी आणि मुलाच्या नावावरची तीन वाहनं दाखवली नाहीत, म्हणून गुवाहाटी उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली होती. ९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती निवड कायम ठेवली. ती वाहनं अर्ज भरण्यापूर्वीच विकलेली किंवा भेट दिलेली होती. मोठ्या किमतीची किंवा ऐषआरामी राहणी दाखवणारी मालमत्ता लपवली तर ते गंभीर, असं न्यायालयाने म्हटलं.

तिसरी आणि सगळ्यात मोठी फट : निवडून आल्यावर काय? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७५-अ नुसार निवडून आलेल्या खासदाराला शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं. या कलमात आमदारांचा उल्लेखच नाही. कर्नाटकात लोकायुक्त कायद्यामुळे आमदारांना दरवर्षी ३० जूनपूर्वी लोकायुक्तांकडे विवरण द्यावं लागतं. नमुना २६ मात्र अर्ज भरतानाच दिला जातो. मधल्या पाच वर्षांत काय झालं, हे त्यातून पुढच्या निवडणुकीलाच समजतं.

खोटं लिहिलं तर?

कलम १२५-अ नुसार खोटी माहिती देणं किंवा माहिती लपवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. निवडणूक निर्णय अधिकारी माहिती खरी की खोटी याचा तपास करत बसत नाही. पण कोणीही त्याच्याकडे विरोधी प्रतिज्ञापत्र देऊ शकतो आणि तेही जाहीर केलं जातं. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत त्या मतदारसंघातला कोणताही मतदार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो.

घरी बसून कसं वाचायचं?

प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर कोणालाही मोफत पाहता येतात. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात फलकावरही ती लावली जातात.

१. मागच्या निवडणुकीचं आणि या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा. महाराष्ट्रात २०१९ आणि २०२४ ची जोडी घेता येईल.
२. वाढ कशामुळे झाली ते बघा. जुन्याच जमिनीचा भाव वाढला की नवी खरेदी झाली? खरेदीच्या तारखा यासाठीच असतात.
३. पाच वर्षांच्या उत्पन्नाची बेरीज करा आणि नव्या खरेदीची रक्कम तिच्याशी ताडून बघा. मोठा फरक दिसला तर कर्जाचा रकाना बघा.
४. नुसता एकूण आकडा बघून मत बनवू नका. संपत्ती जास्त असणं हा गुन्हा नाही आणि कमी दाखवली म्हणजे माणूस इमानदार असंही नाही.
५. सरकारी थकबाकी आणि कंत्राटांचा रकाना शेवटी का होईना, पण जरूर वाचा.

आम्ही शिक्षक मुलांना सांगतो की गणिताचं नुसतं उत्तर पाहू नका, रीत पाहा. इथेही तेच आहे. तुमच्या घरात अठरा वर्षं पूर्ण केलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर वरची बेरीज-वजाबाकी त्यांच्याकडूनच करून घ्या. उमेदवार दारात मत मागायला येईल, तेव्हा 'भाई, ही जमीन कधी घेतली?' एवढा एक प्रश्न अदबीने विचारायला काहीच हरकत नाही. त्याचं उत्तर त्याने स्वतःच शपथेवर लिहून दिलेलं असतं.