जुन्या संगणकांचा जीर्णोद्धार

मलकापूर हें पूर्वीं विशाळगड जहागिरीचें ठिकाण होतें. येथील पावसाळ्यांत कागदास बुरशी व लोखंडास गंज चढावयास वेळ लागत नाहीं. त्यामुळें जुनीं दप्तरें कोरडीं राखण्याचें महत्त्व आम्हांस कोणी सांगावयास नको. परंतु जुना संगणक हेंहि एक दप्तरच होय, हें मात्र आमच्या ध्यानीं अद्याप आलेलें नाहीं.

आरंभींच्या संगणकांत दुरुस्ती हें नित्यकर्मच होतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० सालीं कामास लागला. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळी निकामी झाली कीं हिशेब चुके. ती शोधून बदलावी लागे. १९६४ सालीं संस्थेंत ‘सीडीसी ३६००’ हें परदेशी यंत्र आलें आणि टिफ्रॅकचा काळ सरला.

पुढें १९८४ सालापासून केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेंतून ‘बीबीसी मायक्रो’ संगणक देशांतील माध्यमिक शाळांत आले. या जातीच्या पुष्कळ यंत्रांत वीज आंत येते तेथें कागदी कपॅसिटर असतो. कालांतरानें त्याचें कवच तडकतें, दमट हवा आंत शिरते, व अनेक वर्षांनीं यंत्र सुरू करतांच धूर निघतो. दुसऱ्या जातीच्या कपॅसिटरमधील द्रव पाझरून पट्टीवरील तांब्याच्या रेषा खातो. पुष्कळदां यंत्राचा बाकीचा भाग शाबूत असतो. एका अल्पमोलाच्या भागापायीं सारें भंगारांत जातें.

म्हणून जुनें यंत्र प्रथम उघडून पाहावें, संशयित भाग बदलावे, मगच त्यास वीज द्यावी. इंग्लंडांत १९५१ सालीं चालूं झालेला ‘विच’ हा संगणक अशाच चिकाटीनें २०१२ सालीं ब्लेचली पार्क येथें पुन्हां चालूं झाला.

भाग बदलल्यावर यंत्र अस्सल कसें राहिलें, अशी शंका कोणी घेईल. फाटलेलें मोडी पान मागून नवा कागद लावून सांधतात, म्हणून कोणी त्यास खोटें म्हणत नाहीं. मात्र सांधणाऱ्यानें अक्षरास हात लावतां कामा नये. तद्वतच काढलेला भाग चिठ्ठी लावून जपावा व प्रत्येक बदल वहींत नोंदवावा. बंद यंत्र केवळ आपला आकार दाखवितें. चालतें यंत्र त्या काळचे लोक कसे काम करीत, तें सांगतें. एखाद्या शाळेच्या कपाटांत असें यंत्र पडून असेल, तर भंगारवाल्याच्या आधीं जाणत्या कारागिराचा हात त्यास लागावा, एवढीच आमची विनंति आहे.