मोजमाप सुटकेनंतरचे हवे

गुन्ह्याची चौकशी चालू असताना निरीक्षणगृहात ठेवलेल्या मुलांना काम शिकवले तर समाजाला काय मिळते? बांबूच्या तयार टोपल्या आणि वाटलेली प्रमाणपत्रे मोजणे सोपे असते, पण त्यातून कामाचा पसारा तेवढा कळतो, मूल्य नाही. विक्रीची रक्कम लाभाच्या खात्यात मांडणे तर मला अमान्य आहे. संस्थेच्या नफ्यासाठी मुलाचे हित आणि प्रशिक्षण डावलू नये, त्याच्या कमाईचा काही भाग सुटकेच्या वेळी देण्यासाठी शिल्लक ठेवावा, असे संयुक्त राष्ट्रांचे १९९०चे हवाना नियम सांगतात. मोबदला न देता करून घेतलेले काम खर्चाच्या बाजूला लिहिले पाहिजे.

पुढची अडचण काळाची. २०१५च्या बाल न्याय कायद्यात जामीन हा नियम आहे, आणि चौकशी साधारण चार महिन्यांत संपवायची असते. चंद्रपूर जिल्ह्याच्या चिमूर तालुक्यातला मुलगा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम निरीक्षणगृहात पुरा करील कसा? आणि करू नये हेच इष्ट! प्रशिक्षणासाठी कोठडी लांबली तर तो तोटाच. म्हणून धडा आत सुरू होऊन गावाकडे चालू राहिला का, हे आधी तपासावे.

गावाकडे म्हणजे कुठे? चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. पण हातात कसब असून बांबू मिळत नसेल, तर उपयोग काय? गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा ग्रामसभेला २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार मिळाला. असा हक्क असलेल्या गावात परतणाऱ्या मुलाच्या त्याच प्रशिक्षणाचे मूल्य वेगळे निघेल. या फरकाचे श्रेय निरीक्षणगृहाच्या नावावर टाकता येणार नाही.

तुलनेतही फसगत होते. अभ्यासक्रम पुरा करणारी मुले मुळातच सावरलेली असू शकतात, त्यामुळे सोडून गेलेल्यांशी त्यांची तुलना निरर्थक ठरते. प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वीच्या मुलांशी केलेली तुलना अधिक प्रामाणिक. शिवाय दहाच मुले असतील तर एकाच्या घसरण्याने आकडा दहा टक्क्यांनी हलतो, म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांची अनेक वर्षांची माहिती एकत्र करावी लागेल.

ती माहिती पोलीस दप्तरातून मात्र काढू नये. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मुलाची ओळख झाकते, कलम २४ त्याला जुन्या दोषाच्या ओझ्यातून सोडवते. परिविक्षा अधिकाऱ्याने त्याच्या संमतीने, नाव न नोंदवता, दोन वर्षे विचारावे: शाळा, मजुरी, घर, पुन्हा अटक. ही चार उत्तरे हाती येईपर्यंत कोणत्याही उपक्रमावर ‘यशस्वी’ असा शेरा मारू नये.