बाबागाडीचें वजन

घरांत नवें मूल आलें म्हणजे वडीलधाऱ्या माणसांस खरेदीचा विलक्षण उत्साह चढतो. आमचेंही तसेंच झालें. नात सात महिन्यांची झाली, मान सांवरून बसूं लागली, तेव्हां तिच्यासाठीं छत्रीसारखी मिटणारी एक हलकी बाबागाडी घ्यावी असें ठरलें, आणि ती पाहण्याकरितां आम्ही व आमचे चिरंजीव पुण्यांतील एका दुकानीं गेलों. दुकानदारानें दोन गाड्या पुढें मांडल्या. एक ४ किलोची, दुसरी ५.५ किलोची. पहिली त्यानें मिटली, एका बोटावर टांगून दाखविली, आणि "पाहा, किती हलकी!" एवढेंच म्हणून तो थांबला, जणुं काय याउपर सांगण्यासारखें कांहीं उरलेंच नव्हतें. आम्हांसही तें पटण्याच्या बेतांत होतें. परंतु जुन्या गोष्टी उकरून पाहण्याची संवय मोठी वाईट. हलकेपणा हा बाबागाडीचा पहिला गुण केव्हांपासून ठरला, असा प्रश्न मनांत आला, आणि पैसे काढण्यासाठीं खिशांत गेलेला हात तसाच बाहेर आला. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करतांना जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मुलांच्या गाड्यांचा आरंभ सामान्यतः एका श्रीमंत घरापासून सांगतात. इंग्लंडांतील नामांकित वास्तुशिल्पी व उद्यानरचनाकार विल्यम केंट यानें १७३३ च्या सुमारास डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांकरितां एक लहानशी गाडी तयार केली. तिची बैठक शिंपल्याच्या आकाराची असून ती ओढण्यास शेळी किंवा लहानसें तट्टू जुंपावयाचें असे. ही गाडी किती जड आहे, हा प्रश्न कोणाच्याही मनांत येण्याचें कारण नव्हतें. ओझें जनावराचें होतें. जनावर सांभाळणें नोकराचें होतें. ड्यूकच्या वांट्यास कौतुक तेवढें होतें.

पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं या गाडीची दिशा फिरली. १८५३ मध्यें चार्ल्स बर्टन यानें इंग्लंडांत मागून ढकलावयाच्या तीन चाकी गाडीचें पेटंट घेतलें. हा फरक दिसण्यांत लहान, पण परिणामीं मोठा. पुढून ओढणाऱ्याची मुलाकडे पाठ असते; मागून ढकलणाऱ्याच्या तें डोळ्यांसमोर राहतें. अमेरिकेंत १८८९ मध्यें विल्यम रिचर्डसन यानें पाळण्याचा भाग फिरवून मुलाचें तोंड ढकलणाऱ्याकडे करतां येईल अशी युक्ति पेटंट करून घेतली. १८७७ मध्यें लीड्स शहरांत विल्यम विल्सन यांनीं सुरूं केलेल्या 'सिल्व्हर क्रॉस' कारखान्यासारख्या ठिकाणीं पुढें ज्या गाड्या तयार झाल्या, त्या म्हणजे लहान प्रमाणावर काढलेल्या बग्ग्याच होत्या. उंच चाकें, दणकट स्प्रिंगा, वर पावसाउन्हाचा टप, आंत मूल सपाट निजेल अशी ऐसपैस खोळ. त्यांत मुलाला धक्का म्हणून लागत नसे. वजन मात्र भरपूर. आणि तरीही तें कोणास सलत नव्हतें. कारण ही गाडी ढकलणारी दाई ती उचलीत नसे. घराच्या ओसरीवरून गाडी निघे, सरळ फरसबंदीनें बागेंत जाई, आणि परत ओसरीवर येऊन उभी राही. जिना तिच्या नशिबीं नव्हता.

आपल्या देशांत ही गाडी दिसूं लागली ती साहेबांच्या बंगल्यांपुढें आणि लष्कर भागांतील रस्त्यांवर, आयेच्या हातीं. साहेबाच्या मुलास नोकरमाणसें 'बाबा' म्हणत. मराठींत 'बाबागाडी' हें नांव रूढ झालें, तें ऐकतांना त्या बाबाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. आपल्या घरांतील मूल त्या काळीं कोणत्याही चाकावर बसलें नव्हतें. तें घरांत पाळण्यांत असे, शेताच्या बांधावर झाडाला बांधलेल्या झोळींत असे, आणि एरवीं आईच्या कडेवर किंवा आजीच्या खांद्यावर असे. पांगुळगाड्याचें उदाहरण येथें कोणी देईल. पण पांगुळगाडा ही मुलाला नेणारी गाडी नव्हे. ती मुलानें न्यावयाची गाडी. कडेवरील मुलाचें वजन आई आपल्या कंबरेनें जाणत होती. तें तोलण्यास तिला तराजू लागला नाहीं, आणि त्याची नोंदही कोणी ठेविली नाहीं.

आतां हलकेपणाकडे वळूं. त्याची वाट बाबागाडींतून निघत नाहीं. ती छत्रींतून निघते. पूर्वी विलायती छत्रीच्या काड्या देवमाशाच्या जबड्यांतील लवचिक पट्ट्यांच्या किंवा वेताच्या असत. अशी छत्री भिजली म्हणजे हातांत ओंडका धरल्यासारखें होई. १८५२ मध्यें शेफील्डजवळील सॅम्युअल फॉक्स यानें पोलादाची काडी भरीव न ठेवतां तिला पन्हळीचा आकार दिला. तेवढ्याच धातूला खोलगट वळण दिलें कीं तो वाकण्यास कितीतरी अधिक विरोध करतो. म्हणून थोड्या धातूंत पुरेसें बळ मिळूं लागलें. पोकळ नळीचें तत्त्वही हेंच. पुढें १८८६ मध्यें अमेरिकेंत चार्ल्स हॉल व फ्रान्समध्यें पॉल एरू या दोघां तरुणांनीं, एकमेकांच्या नकळत, विजेच्या साहाय्यानें ॲल्युमिनियम काढण्याची स्वस्त रीत शोधिली. विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत आल्फ्रेड विल्म यानें त्यांत तांबें वगैरे मिसळून पोलादाशीं बळांत स्पर्धा करील असा मिश्रधातु सिद्ध केला. विमानें या मिश्रधातूवर पोसलीं. म्हणजे आकाराचा धडा छत्रीनें दिला आणि धातूचा विमानानें. हे दोन्ही धडे एका माणसाच्या हातीं एकत्र येण्यास १९६५ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

तो माणूस म्हणजे ओवेन फिनले मॅक्लारेन. हे विमानांचे इंजिनियर. विमानाच्या चाकांचा सांगाडा हा त्यांचा खास विषय, आणि युद्धकाळांतील प्रसिद्ध स्पिटफायर विमानाच्या संदर्भांत त्यांचें नांव नेहमीं घेतलें जातें. त्यांची कन्या मॉस्कोहून आपल्या मुलासह माहेरीं आली, तेव्हां तिची प्रवासांतील अवजड बाबागाडी पाहून आजोबांस राहवलें नाहीं. मुलाला नेण्यासाठीं जें साधन, तेंच नेण्याची पंचाईत, हा विरोध त्यांच्या कसबी नजरेस खटकला असावा. नॉर्थॅम्प्टनशायरमधील बार्बी गांवीं आपल्या घराजवळील जुन्या तबेल्यांत त्यांनीं ॲल्युमिनियमच्या नळ्यांची एक गाडी जुळविली व १९६५ मध्यें तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला.

तिची रचना मुळांत साधी आहे. दोन बाजूंस दोन लांब नळ्या. त्यांचीं वरचीं टोंकें छत्रीच्या मुठीसारखीं वळलेलीं. या बाजू एकमेकींस जोडणारे दांडे फुलीच्या आकाराचे. फुली उघडली कीं गाडी रुंद होते. खटका सुटून फुली मिटली कीं दोन्ही बाजू जवळ येतात, चाकें चाकांस भिडतात, आणि सर्व मिळून एक जाड दांडा उरतो. बसण्यास फळी नाहीं, गादी नाहीं. दोन नळ्यांमध्यें नुसतें कापड टांगलेलें असतें, आणि बसणाऱ्या मुलाच्या भारानेंच तें ताणलें जातें. ही पहिली गाडी अवघी २.७ किलोच्या आसपास भरे. १९६७ मध्यें ती बाजारांत आली. पहिल्या वर्षीं सुमारें १,००० गाड्या तयार झाल्या. १९७६ पर्यंत हा आंकडा वर्षाला ६,००,००० वर गेला.

एका युक्तीला एवढें यश कां यावें? युक्ति चांगली होती हें खरें. पण तिची वेळही येऊन ठेपली होती. दोन महायुद्धांच्या दरम्यान व त्यानंतर विलायतेंतील मध्यम वर्गाच्या घरांतून दाई व मोलकरीण नाहींशी होत गेली. ओसरीचीं घरें जाऊन वरच्या मजल्यांवरील बिऱ्हाडें आलीं. बाग दूर गेली. मध्यें बसची पायरी, आगगाडीचा फलाट व मोटारीची लहानशी डिकी आली. आतां गाडी ढकलणारी बाई आई होती, आणि जिन्यापाशीं ती उचलणारीही तीच. तीही एका हातानें, कारण दुसऱ्या हातावर मूल. शेळीनें ओढलें तेव्हां वजन कोणी मोजलें नाहीं. दाईनें ढकललें तेव्हांही मोजलें नाहीं. ढकलणारा हात आणि उचलणारा हात एक झाला, त्या दिवशीं बाबागाडीला वजन आलें.

परंतु हलकेपणा हा कोणीं फुकट दिलेला नाहीं. जें वजन गेलें तें कोठून तरी काढून घेतलें आहे, आणि खरेदीस जाणाऱ्यानें तें कोठून गेलें हें पाहिलें पाहिजे. प्रथम सपाट बिछाना गेला. म्हणून झोळीसारखी नुसती बैठक असलेली गाडी मान न धरलेल्या तान्ह्या मुलास योग्य नव्हे. तिचें वय साधारण सहा महिन्यांपुढचें. मग स्प्रिंगा गेल्या. मग मोठीं चाकें गेलीं. आणि लहान चाक खड्ड्यांत उतरतें, फरशीच्या कडेला अडतें, हें आपल्या पदपथांवर फार अनुभवास येतें. दोन स्वतंत्र मुठींमुळें एका हातानें गाडी सरळ ढकलणें कठीण झालें. सांगाडा इतका हलका, कीं मुठींवर भाजीची पिशवी अडकवून मुलाला उचलून घ्यावें, तर गाडी मागच्या मागें उलटते. आणि जेथें मिटणें आहे तेथें बिजागर आहे. जेथें बिजागर आहे तेथें फट आहे. २००९ मध्यें मॅक्लारेन कंपनीच्या अमेरिकेंतील सुमारें १०,००,००० गाड्यांच्या बिजागरांवर आच्छादन बसविण्याकरितां जाहीर सूचना काढावी लागली. गाडी उघडतांना बिजागरांत सांपडून तेथें १२ मुलांच्या बोटांचीं टोंकें तुटलीं होतीं. ज्या फुलीनें आयांचा भार हलका केला, तिनेंच तीं बोटें घेतलीं. अमेरिकेंत २०१५ पासून मुलांच्या गाड्यांस सुरक्षिततेचे सरकारी नियम सक्तीचे झाले. युरोपांतही त्यांचीं प्रमाणें ठरलेलीं आहेत.

जें काढून घेतलें तें पुढें हळूहळू परत घालण्यांत आलें. मागें कलणारी पाठ, पांच ठिकाणीं बांधणारा पट्टा, टप, खालची जाळी, पुढच्या फिरत्या चाकांना थोडी स्प्रिंग. त्यामुळें आज मिळणाऱ्या छत्रीगाड्या बहुधा ४ ते ७ किलोंच्या असतात. पहिल्या गाडीहून जडच. दुसरी एक शाखाही फुटली. २०१२ मध्यें फ्रान्समधील बेबीझेन या कंपनीनें दांड्यासारखी न मिटतां पेटीसारखी मिटणारी गाडी काढली. तिची घडी ५२ × ४४ × १८ सेंटिमीटर, विमानांत डोक्यावरील फळीवर मावेल एवढी. छत्रीगाडी दाराआड उभी राहते, पेटीगाडी पलंगाखालीं सरकते. दोहोंपैकीं श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न निरर्थक आहे. आपल्या घरांत कोपरा मोकळा आहे कीं पलंगाखालची जागा, हा प्रश्न मात्र खरा आहे.

एवढा विचार झाल्यावर आम्हांस आमचीच चूक दिसली. गाडी पाहण्यास आम्ही गेलों होतों, चिरंजीव गेले होते. आमच्या बिऱ्हाडाचे तीन जिने ती गाडी घेऊन रोज जिनें चढावयाचे, ती सूनबाई घरीं होती. ड्यूकच्या काळापासून चालत आलेली ही रीत. कौतुक एकाचें, ओझें दुसऱ्याचें.

दुसऱ्या दिवशीं तिला घेऊन पुन्हा गेलों. तिनें वजनाचा आंकडा विचारला नाहीं. नातीला कडेवर घेतलें, खांद्यावर पिशवी अडकविली, आणि मोकळ्या राहिलेल्या एका हातानें व पायानें ती एकेक गाडी मिटूं लागली. चार किलोची गाडी दोन हात लावल्याखेरीज मिटेना. मिटल्यावर उभी राहीना. आणि उचलण्यास पट्टा नसल्यानें तिचीं चाकें पोटरीस लागत. साडेपांच किलोची पायानें खटका दाबतांच मिटली, भिंतीशीं उभी राहिली, व पट्ट्यानें खांद्यावर गेली. बिजागर झांकलेलें होतें. पाठ मागें कलत होती. मग तिनें मूठ आपल्या उंचीस बसते कीं नाहीं तें पाहिलें, नातीस बसवून दुकानाबाहेरच्या खडबडीत फरशीवर चार पावलें फिरविली, आणि गाडी किती किलोंच्या मुलापर्यंत चालेल हें चिठ्ठीवर वाचलें. १५ किलो लिहिलें होतें. "तेवढी झाली म्हणजे चालेलच कीं आपल्या पायांनीं," ती म्हणाली.

दुकानदार पुन्हा हलक्या गाडीकडे बोट दाखवूं लागला. "मामंजी, ही तुमच्या बोटाला हलकी आहे," सूनबाई आम्हांस म्हणाली, "माझ्या खांद्याला ती दुसरी हलकी आहे."

गाडी घरीं आली. तिसऱ्या जिन्यावर आम्ही तिच्या हातून ती घेऊं गेलों, तेव्हां वजन किती असतें हें आम्हांस प्रथमच कळलें.