बारा आणे बदनापूर

जालना म्हटले की बियाण्यांच्या कंपन्या आठवतात. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथेच महिको सुरू केली. त्याच जिल्ह्यातले बदनापूर मात्र फारसे कोणाच्या तोंडी नसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या तेथील संशोधन केंद्राने मराठवाड्याला तुरीचे वाण दिले, आणि त्या वाणांचे आईबाप कसे निवडले गेले ही हकिकत मला कोणत्याही कंपनीच्या यशोगाथेहून मोलाची वाटते.

बीडीएन-१ आणि बीडीएन-२ हे केंद्राचे जुने वाण. दुसऱ्याचा दाणा पांढरा. त्या काळी तुरीपुढचे मोठे संकट होते वांझ रोगाचे. मर रोगाने झाड वाळते, वांझ रोगात ते हिरवे राहते. पाने बारीक होतात आणि फूलच धरत नाही. शेतकरी पिकाकडे बघत राहतो, शेंग येत नाही. या रोगाची नोंद १९३१ची, बिहारमधल्या पुसाची. तो अतिसूक्ष्म कोळ्यामुळे पसरतो हे कळायला पुढे तीसेक वर्षे गेली, आणि त्यामागचा विषाणू ओळखला गेला तो २००० च्या सुमारास. म्हणजे शत्रूचा चेहरा दिसण्याआधीच पैदासकार त्याच्यावर उतारा शोधत होते.

शोधण्याची रीत साधी होती. रोगट पान कोवळ्या रोपाच्या पानावर स्टेपलरच्या पिनेने टाचायचे. कोळी नव्या पानावर उतरतात. तरीही जे रोप फुलते ते ठेवायचे. पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये १९७० च्या दशकात ही पद्धत रुळली.

खरा पेच पुढे. बाहेरचा प्रतिकारक वाण घेतला की त्याचे नको असलेले गुणही घरात येतात. बीएसएमआर-८५३ म्हणजे 'वैशाली'ची वंशावळ म्हणूनच वाचण्यासारखी आहे. आधी इक्रिसॅटच्या ७३३६ क्रमांकाच्या वाणाचा बीडीएन-१शी संकर, मग त्या संततीचा बीडीएन-२शी. हिशेब केला तर पाहुण्याचा वाटा सरासरी चार आणे, बदनापूरचा बारा आणे! हे काम बोटांचे: उमलण्याआधी कळीतले १० पुंकेसर चिमट्याने काढायचे, आणि मधमाश्या तुरीत परका पराग आणतात म्हणून निवडलेली झाडे झाकून राखायची.

नंतरच्या बीडीएन-७११ मध्ये कालावधीला महत्त्व आले. सुमारे १५० ते १५५ दिवसांत, जमिनीतली ओल सरण्याआधी, तो काढणीला येतो. दाणा मात्र याचाही पांढराच.