लंडनपेक्षा जास्त पाऊस, तरी वावर कोरडं का?

आजचा भाग पाण्याच्या इतिहासाचा. सुरुवात एका प्रश्नानं करते. जास्त पाऊस कुठे पडतो, लंडनला की यवतमाळला?

लंडन म्हटलं की छत्री आठवते ना? पण तिथं वर्षभरात पडतो सुमारे ६०० मिलिमीटर. यवतमाळ जिल्ह्यात साधारण ९००. तरीही कोरडवाहू शेतीमुळे, शेतकरी आत्महत्यांमुळे बातम्यांत येतं ते यवतमाळच.

चला, हिशेब लोहाऱ्यात मांडू. लोहारा म्हणजे यवतमाळ शहराला खेटून असलेलं, एमआयडीसीमुळे माहीत असलेलं गाव. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरात चार हजारांहून थोडे जास्त चौरस मीटर. म्हणजे इथल्या एका एकरावर वर्षाला जवळपास ३६ लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे ३६० टँकर, तेही फुकट! आणि याच लोहाऱ्याच्या शेजारी, २०१८ च्या उन्हाळ्यात, यवतमाळ शहर टँकरची वाट बघत होतं.

मग अडतं कुठे? लंडनला पाऊस बारा महिने थोडा थोडा येतो. आपल्याकडे चार महिने, त्यातही मोजक्या दिवसांत धो धो. पाणी नाल्यात जातं, सोबत मातीही नेतं. मग पंधरा-वीस दिवस उघाडीप. नेमकी पऱ्हाटीला बोंडं धरायची वेळ, आणि वावराला भेगा. पाऊस कमी नाही हो, तो थांबत नाही.

हे ओळखणारा माणूस फार जुना आहे. महात्मा फुले. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी सरकारला सुचवलं होतं की पलटणीतले शिपाई आणि पोलीस कामाला लावा, जागोजागी ताली-बंधारे बांधा, म्हणजे पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला मिळेल. क्रम बघा. आधी शेत, मग ओढा. आज ज्याला आपण ‘माथा ते पायथा’ म्हणतो, त्याचं मूळ इथं दिसतं.

पुढचा टप्पा सोलापूर. १९३३ मध्ये तिथं कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. बांध घाला, शेणखत द्या, बी कमी आणि अंतर जास्त ठेवा, कोळपणी करत राहा, असं तंत्र त्या काळात तयार झालं. १९४२ मध्ये मुंबई प्रांतानं जमीन सुधारणेचा कायदा केला आणि बांधबंदिस्तीची कामं मोठ्या प्रमाणावर निघाली.

पण एक गोची होती. समतल बांध सगळ्याच जमिनींना मानवत नाही. आपली खोल काळी माती भिजली की फुगते, मग पाणी आत घ्यायला फार वेळ लावते. बांधामागे पाणी तुंबतं, पीक पिवळं पडतं, कधी बांधच फुटतो. म्हणून अशा जमिनीत धुऱ्याला हलका उतार देऊन जादा पाणी सावकाश बाहेर काढायचं, खाली तळ्यात साठवायचं आणि उघाडीत परत पिकाला द्यायचं. किती लागतं? एकराला पाच सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे दोन लाख लिटर. पडलेल्या ३६ लाखांपैकी फक्त दोन! तेवढ्यावर हातचं पीक वाचू शकतं.

आता १९७२ चा दुष्काळ. रोजगार हमीची सुरुवात याच काळातली. लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले. पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे तेव्हा पुरंदर तालुक्यात फिरले. नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन भाड्यानं घेऊन त्यांनी बांध घातले, तळं केलं, पाणी अडवून दाखवलं. पण मला त्यांचं खरं मोठेपण पुढच्या कामात दिसतं. त्यांच्या पाणी पंचायतीचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं, माणशी अर्ध्या एकरापुरतं. ऊस लावायचा नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा!

आपल्या जिल्ह्याचं नावही या इतिहासात ठळक आहे. पुसदचे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ मुख्यमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९९२ मध्ये, राज्यात स्वतंत्र जलसंधारण विभाग झाला. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा शाळेच्या भिंतीभिंतीवर गेली.

पुढे २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आलं, २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळे. अडवायची साधनं वाढली. वाटायचे नियम मात्र मागेच राहिले. फळबागांच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी शेततळ्याला प्लास्टिक अंथरतात आणि ते बोअरच्या पाण्यानं भरतात. आता सांगा, हे पावसाचं पाणी अडवणं झालं का? हे तर सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी उपसून एकाच्या तळ्यात ठेवणं झालं. वर ऊन आहेच, ते वाफ करून नेतं. शेजारच्याची विहीर आटते, आणि कागदावर दोघांच्याही गावात जलसंधारण झालेलं असतं.

म्हणून मला वाटतं, फुल्यांचा क्रम आणि साळुंख्यांचा नियम हे दोन्ही सोबतच पाहिजेत. नुसतं जेसीबीनं ते होत नाही, त्यासाठी गावाला एकत्र बसावं लागतं.

तुमच्या गावात शेततळं असेल तर या पावसाळ्यात जाऊन बघा. त्यात पाणी वरून येतंय की पाइपातून? आणि ते कोणाकोणाला मिळतंय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवते. तोवर, रामराम!